स्कॉलरशिप देताना एसएटीचा स्कोर किती धरायचा?

ताई, आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात काही राहिलं असेल तर तुम्हाला कळेल. अमेरिकेत तुमचा एक छोटा ट्रस्ट आहे, हायस्कूल संपवून कॉलेजला निघालेल्या मुलांना तुम्ही दरवर्षी स्कॉलरशिप देता, आणि यंदा शेवटच्या एका स्कॉलरशिपवरून कमिटीत जुंपलीये. एका मुलाचा एसएटी (कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा, १६०० पैकी) १४२०, जीपीए (शाळेच्या मार्कांची सरासरी, साधारण ४ पैकी) ३.६. एका मुलीचा एसएटी १३१०, जीपीए ३.९५, आणि ती शाळा सुटल्यावर नोकरी करते. निम्मी कमिटी म्हणते परीक्षा सगळ्यांना सारखी, मग स्कोरवर देणं हाच न्याय. बाकीचे म्हणतात एसएटी हा पैसेवाल्यांचा खेळ, तो कॉलमच फॉर्मवरून उडवा. यात बरोबर कोण, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि तरीही तुमचा वाद मिटणार नाही, कारण सगळे परीक्षेवर भांडतायत आणि हे पैसे नेमके कशासाठी द्यायचे ते कुणी ठरवलेलंच दिसत नाही. मी बरीच वर्षं एका युनिव्हर्सिटीच्या फायनान्शियल एड ऑफिसात स्कॉलरशिपचंच काम केलंय, खासगी फंडांचे अर्ज वाचायलाही बसलेय. असा वाद जिथे जिथे चालू असतो तिथे थोडं खोदलं की कळतं, एकाच्या डोक्यात स्कॉलरशिप म्हणजे शाळेत केलेल्या कष्टाचं बक्षीस, दुसऱ्याच्या डोक्यात गरजूला हात, तिसऱ्याला वाटतं पुढे नाव काढील अशा मुलावर पैसे लावावेत. तिघं तीन गोष्टी मोजतायत आणि पट्टी एकच हवी म्हणून हटून बसलेत.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. ट्रस्टच्या कागदात देणगीदाराने काय अट घातलीये? रक्कम किती, एकदाच की चारही वर्षं? अर्ज वीस येतात की दोनशे? तुमची मुलं जवळच्या स्टेट युनिव्हर्सिटीत जातात की लांबच्या नावाजलेल्या कॉलेजात? यातल्या शेवटच्या प्रश्नाचा स्कोरशी चांगलाच संबंध आहे, त्यावर पुढे येते.

"परीक्षा सगळ्यांना सारखी" म्हणणाऱ्यांना आधी न्याय देऊया, कारण आजकाल त्यांना पटकन मोडीत काढतात. एसएटी १९२६ पासून आहे, पण तिचं महत्त्व वाढलं ते स्कॉलरशिपमुळेच. हार्वर्डचे अध्यक्ष जेम्स कोनंट यांना १९३० च्या दशकात पूर्वेकडच्या महागड्या बोर्डिंग शाळांच्या बाहेरची हुशार मुलं हवी होती, आता कुठल्यातरी लांबच्या राज्यातल्या पब्लिक हायस्कूलमधला मुलगा हुशार आहे हे ओळखायचं कसं, त्या शाळेचं तर कुणी नावही ऐकलेलं नाही, म्हणून त्यांनी आणि हेन्री चॉन्सी यांनी या स्कॉलरशिपांसाठी एसएटी वापरायला घेतली. म्हणजे ओळखपाळख नसलेल्या मुलाला दार उघडावं हाच मूळ हेतू. तो मुद्दा अजून संपलेला नाही. एका शाळेतला ३.९ आणि दुसऱ्या शाळेतला ३.९ यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो, आणि मार्क सगळीकडेच सैल होत चाललेत. एसीटी ही एसएटीसारखीच दुसरी परीक्षा, ती घेणाऱ्यांच्याच २०२२ च्या अहवालात त्यांची परीक्षा देणाऱ्या मुलांचा सरासरी जीपीए २०१० मध्ये ३.१७ होता तो २०२१ मध्ये ३.३६ झालेला दिसतो, आणि त्या काळात परीक्षेचे स्कोर काही वर गेले नाहीत. (अहवाल परीक्षा विकणाऱ्यांचा आहे हे लक्षात ठेवा, पण मार्क फुगतायत हे आम्हाला ऑफिसात बसूनही दिसत होतं.)

आणि स्कोर काढून टाकला तर त्या जागी काय येतं हेही बघायला पाहिजे. निबंध येतो, शिफारसपत्र येतं, बाहेरच्या ॲक्टिव्हिटी येतात. निबंध ज्याचे आईबाप कॉलेज शिकलेले, ज्याला पैसे देऊन कन्सल्टंट लावता येतो, आता तर ज्याला एआयकडून नीट काम करून घेता येतं, त्याचा चांगला होतो. २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाकडे आलेल्या ६० हजार अर्जांतले निबंध तपासले, तर निबंधात काय आणि कसं लिहिलंय याचा घरच्या उत्पन्नाशी संबंध एसएटीपेक्षाही घट्ट निघाला. एसएटी उडवून निबंधाला जास्त वजन दिलं की गरिबाला फायदा झाला असं समजणाऱ्या कमिट्या मी पुष्कळ बघितल्यात, आणि त्यांना हे सांगितलं की पटत नाही. शिफारसपत्राचं तर बोलायलाच नको. ज्या शाळेत एका कौन्सेलरच्या अंगावर पाचशे मुलं आहेत तिथलं पत्र चार ओळींचं येतं, त्यात त्या मुलाचा काय दोष?

आता दुसऱ्या बाजूचं. त्यांचं म्हणणं आकड्यांत बघायचं तर हार्वर्डच्या ऑपॉर्च्युनिटी इनसाइट्स या गटाने २०२३ मध्ये जी माहिती बाहेर आणली ती पुरेशी आहे: उत्पन्नात सगळ्यात वरच्या १ टक्का घरांतल्या मुलांना १३०० किंवा जास्त स्कोर मिळण्याची शक्यता गरीब घरांतल्या मुलांच्या १३ पट. हे ऐकलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कोचिंग क्लास येतो. पण नुसत्या कोचिंगचा परिणाम लोक समजतात तेवढा नसतो. डेरेक ब्रिग्ज यांनी २००९ मध्ये कॉलेज ॲडमिशनवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेसाठी सगळा अभ्यास एकत्र करून सांगितलं की क्लासमुळे सरासरी साधारण ३० पॉइंटच वाढतात. मग १३ पट कुठून आलं? ते सगळं आधीचं असतं, घरात पुस्तकं, चांगली शाळा, आठवीत अल्जिब्रा, उन्हाळ्यातले कॅम्प, स्थिर घर, रात्री पोटभर झोप, पंधरा-सोळा वर्षं साचत आलेलं. परीक्षा ते दाखवते.

त्यावर परीक्षेचे समर्थक म्हणतात, दाखवते ना, मग तिचा काय दोष. इथे माझं त्यांच्याशी अर्धंच जमतं. मूल कॉलेजच्या गणिताला तयार आहे का हे कळायला स्कोर हवा असेल तर ठीक, जे आहे ते दाखवलं, तयारी कच्ची असेल तर मदत करता येईल. पण स्कॉलरशिप म्हणजे त्या आकड्यावर आपण पैसे देतोय. ज्या घरातल्या पैशाने तो आकडा तयार झाला त्याच घरात आणखी पैसे जाणार, आणि कमी स्कोरवाल्याला "तुझी परीक्षा सारखीच होती" असं सांगून रिकाम्या हाताने पाठवणार. एकच स्कोर ॲडमिशनसाठी बराचसा योग्य आणि स्कॉलरशिपसाठी बराचसा अयोग्य असू शकतो, आणि परीक्षा न्याय्य की अन्याय्य असा सरसकट वाद घातला की हा फरक हातातून निसटतो.

यावर कोर्टाचा एक निकाल आहे तो तुमच्या कमिटीने जरूर समजून घ्यावा. न्यू यॉर्क राज्य हायस्कूलच्या मुलांना रीजंट्स आणि एम्पायर स्टेट अशा दोन स्कॉलरशिपा द्यायचं. रीजंट्स वर्षाला २५० डॉलर, एम्पायर स्टेट वर्षाला २,००० डॉलर. दोन्ही निव्वळ एसएटीच्या स्कोरवर (किंवा एसीटीच्या). १९८७ मध्ये स्पर्धेत मुलगे ४७ टक्के होते, म्हणजे मुलीच जास्त, आणि तरी एम्पायर स्टेटच्या ७२ टक्के आणि रीजंट्सच्या ५७ टक्के स्कॉलरशिपा मुलग्यांना गेल्या. शाळेच्या मार्कांत मात्र मुली कुठेच मागे नव्हत्या. १९८८ ला राज्याने जीपीए आणि स्कोर दोन्ही धरले तर मुलींचा वाटा लगेच वाढला, आणि पुढच्या वर्षी राज्य परत नुसत्या एसएटीवर जायला निघालं. मुली कोर्टात गेल्या आणि १९८९ मध्ये फेडरल जज जॉन वॉकर यांनी नुसत्या एसएटीवर स्कॉलरशिप द्यायला बंदी केली, टायटल नाइन या लिंगभेदाविरुद्धच्या कायद्याखाली.

यात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते कोर्टाचं तर्कशास्त्र. राज्याला विचारलं, ही स्कॉलरशिप कशासाठी? उत्तर आलं, हायस्कूलमधल्या कामगिरीचा गौरव. मग एसएटी हायस्कूलमधली कामगिरी मोजते का? नाही, ती कॉलेजात पहिल्या वर्षी मूल कसं करेल याचा अंदाज बांधायला केलेली परीक्षा आहे. आणि तो अंदाजही मुलींच्या बाबतीत थोडा कमी निघतो, म्हणजे तेवढ्याच स्कोरच्या मुलापेक्षा मुलगी कॉलेजात सरासरीने जास्त मार्क मिळवते, हे पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. परीक्षा वाईट आहे असं कोर्ट म्हणालंच नाही, राज्याने सांगितलेला हेतू एक आणि वापरलेली पट्टी दुसऱ्याच कामाची, एवढंच पकडलं आणि तेवढ्यावर सगळं पडलं.

नॅशनल मेरिट या देशभरातल्या स्कॉलरशिपचंही थोडं असंच. तिथे अकरावीत पीएसएटी (एसएटीच्या आधीची सराव-परीक्षा) देणाऱ्या तेरा-चौदा लाख मुलांतून पहिली चाळणी पूर्णपणे स्कोरवर लागते, सुमारे १६ हजार सेमीफायनलिस्ट निघतात, बाकी सगळी कागदपत्रं त्यानंतर. १९९४ मध्ये फेअरटेस्ट या संस्थेने तक्रार केली की यात मुली मागे पडतात, १९९६ मध्ये समझोता झाला आणि पुढच्या वर्षीपासून पीएसएटीत लेखनाचा भाग आला. आजही त्यांच्या सिलेक्शन इंडेक्समध्ये भाषेचा स्कोर दुप्पट धरतात आणि गणिताचा एकपट. शिवाय कटऑफ राज्यागणिक वेगळा, त्यामुळे तोच स्कोर एका राज्यात सेमीफायनलिस्ट आणि शेजारच्या राज्यात काहीच नाही. मी यावर टीका करत नाहीये, राज्यवार वाटणीला कारण आहे. पण "आकडा म्हणजे निव्वळ गुणवत्ता" म्हणणाऱ्यांनी बघावं की आकड्यात सुद्धा कुणीतरी बसून ठरवलेलं असतं कशाला किती वजन द्यायचं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या कॅम्पसांनी २००५ मध्ये या स्कॉलरशिपांना पैसे देणं थांबवलं, आणि २०२१ च्या समझोत्यात तर ॲडमिशन आणि स्कॉलरशिप दोन्हींत एसएटी-एसीटी बघायची नाही असं मान्य केलं.

मग तुमच्या कमिटीतले कुणीतरी म्हणतील, पण बाकी एवढ्या युनिव्हर्सिट्या जीपीए आणि स्कोरचा तक्ता लावून सरळ मेरिट स्कॉलरशिप देतातच की. देतात, पण त्यांचं गणित वेगळं आहे. तिथे स्कॉलरशिप म्हणजे बऱ्याचदा फीवरची सूट असते, चांगल्या स्कोरचं मूल दुसरीकडे जाऊ नये म्हणून दिलेली. खासगी कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या मुलांना सरासरीने छापील ट्यूशनच्या निम्म्याहून जास्त सूट मिळते. जास्त स्कोरची मुलं आली की कॉलेजची सरासरी वाढते, सरासरी वाढली की नाव वाढतं, पुढच्या वर्षी पूर्ण फी भरणारे जास्त येतात. धंदा म्हणून समजू शकते मी, त्या टेबलाच्या त्या बाजूला बसलेली आहे. तुमच्या ट्रस्टला यातलं काहीच मिळवायचं नाही, मग त्यांचा तक्ता उचलून का आणायचा?

आता आकड्याच्या आतलं बघू, कारण मला सगळ्यात जास्त अन्याय इथे होताना दिसतो आणि त्यावर कुणी भांडत नाही. एसएटीचा एकूण स्कोर ४०० ते १६००. तेच मूल, तेवढीच तयारी, पुढच्या महिन्यात परत बसलं तर स्कोर तोच येत नाही, मागेपुढे होतो. एसएटी घेणारं कॉलेज बोर्ड स्वतःच निकालासोबत एक रेंज देतं, एकूण स्कोरला साधारण ४० पॉइंट खाली-वर. तुम्ही लिहिलंय की यादीत १३५० वाल्याला १३४० वाल्याच्या वर ठेवलंत. ताई, कांदे तोलायच्या काट्यावर सोनं तोलल्यासारखं झालं हे. त्या दहा पॉइंटांत काही नाही, एखाद्या प्रश्नाचा खेळ. १३५० आणि १३१० मध्ये सुद्धा मी पैजेवर काही बोलणार नाही. तुमच्या शेवटच्या दोघांमध्ये ११० चा फरक आहे, तो मात्र बहुतेक खरा आहे, त्याला नुसतं नशीब म्हणून उडवता येणार नाही.

म्हणून कटऑफ ही मला सगळ्यात वाईट चाल वाटते. जॉर्जियात झेल मिलर स्कॉलरशिप २०११ ला सुरू झाली तेव्हा पूर्ण ट्यूशन मिळायला ३.७ जीपीए आणि एसएटीत १२०० लागायचे, आणि त्याच्या खालच्या पायरीच्या होप स्कॉलरशिपवर त्यापेक्षा कमी मिळायचं. ११९० चं मूल आणि १२०० चं मूल यांत परीक्षेला स्वतःला फरक सांगता येत नाही, पण चार वर्षांच्या पैशांत फरक पडतो. लाखो अर्ज हाताळणाऱ्या राज्य सरकारला कुठेतरी रेघ मारावीच लागते, त्यांची अडचण कळते. तुमच्याकडे दोन-चार डझनच अर्ज येत असतील तर रेघ मारायचं काही कारण नाही, प्रत्येक फाइल उघडून वाचता येते. आणि वर मी म्हणाले ना कोचिंगने सरासरी ३० पॉइंट, ते एरवी किरकोळ, पण रेघ असली की रेघेजवळच्या मुलासाठी तेच ३० सगळं काही होऊन बसतात. परत परत बसणाऱ्याचंही तसंच, आणि त्यात बऱ्याच ठिकाणी सुपरस्कोर करतात, म्हणजे वेगवेगळ्या वेळचे सगळ्यात चांगले भाग जोडतात. कमी उत्पन्नाच्या मुलांना दोनदा फी माफ असते खरी, पण शनिवारी सकाळी कामावर जाणारं मूल दुसऱ्यांदा बसतच नाही बऱ्याचदा.

स्कोर पुढचं किती सांगतो, यावर तुम्हाला दोन अगदी उलट अभ्यास सापडतील आणि दोन्ही गट आपापला अभ्यास फडकवतील. शिकागोच्या पब्लिक शाळांतल्या मुलांवर २०२० मध्ये आलेल्या अभ्यासात, मूल कॉलेज पूर्ण करेल का याचा अंदाज देण्यात हायस्कूलचा जीपीए एसीटीच्या स्कोरपेक्षा पाचपट भारी निघाला. २०२४ मध्ये आयव्ही (हार्वर्ड-येलसारखी नावाजलेली कॉलेजं) आणि त्यांच्या बरोबरीच्या कॉलेजांवर आलेल्या अभ्यासात बरोब्बर उलटं, तिथे कॉलेजातले मार्क एसएटीवरून कळतात, जीपीएवरून फारसं नाही. दोन्ही पटण्यासारखे आहेत. आयव्हीत येणाऱ्या जवळजवळ सगळ्यांचाच जीपीए ४ च्या आसपास, मग त्यावरून माणूस ओळखणार कसा. आणि मोठ्या शहराच्या पब्लिक शाळेतून निघून साध्या कॉलेजात गेलेल्या मुलासाठी प्रश्न हुशारीचा नसतो, चार वर्षं रोज उठून जाणं, असाइनमेंट वेळेत देणं, घरी अडचण आली तरी सोडून न देणं, हे असतं, आणि ते चार वर्षांच्या मार्कांत दिसतं, एका सकाळच्या परीक्षेत दिसत नाही. म्हणून सुरुवातीला विचारलं तुमची मुलं कुठे जातात. बहुतेक स्टेट युनिव्हर्सिटीत जात असतील तर मी जीपीएकडे जास्त झुकेन. एखादं एमआयटीला चाललं असेल तर त्याचा गणिताचा स्कोर मी नक्की बघेन, एमआयटीने स्वतः २०२२ मध्ये परीक्षा परत सक्तीची केली ती याचसाठी, पण तिथे प्रवेश मिळालाय म्हणजे ते काम त्यांनी करून ठेवलंच आहे, परत तुम्ही का करायचं?

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते, मी ज्या कमिट्यांबरोबर बसले त्यांना हेच सांगत आले.

अर्ज उघडायच्या आधी एका वाक्यात हेतू लिहून काढा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. "शाळेत मन लावून काम केलेल्या आणि पैशाची खरी गरज असलेल्या मुलांना कॉलेज पूर्ण करायला मदत" असं काहीतरी. यात तुमचे दोन तास आणि थोडी भांडणं जातील, जाऊ द्या, ती भांडणं आत्ता झालेली बरी. फाइली समोर आल्यावर हेतू ठरवायला बसलं की जो तो आपल्या आवडत्या मुलाला बसेल असा हेतू शिवून आणतो.

स्कोर बघायचाच असेल तर यादी लावू नका, ढोबळ गट करा. कॉलेजच्या अभ्यासाला तयार, काठावर, आणि काळजी वाटावी असा, एवढे तीन पुरे. पहिल्या गटात आलं की १३१० काय आणि १४२० काय, पुढे स्कोरचं काम संपलं. लोकांना हे जड जातं, आकडा दिसत असताना तो न वापरणं माणसाला जमत नाही, म्हणून फाइल वाचणाऱ्यांना आकडा दाखवूच नका, गटाचं नाव फक्त द्या, एका माणसाने आधी बसून करून ठेवायचं.

त्याहून महत्त्वाचं, स्कोर त्या शाळेच्या पार्श्वभूमीवर वाचा. प्रत्येक हायस्कूलचं एक स्कूल प्रोफाइल असतं, कौन्सेलर अर्जासोबत पाठवतो किंवा शाळेच्या वेबसाइटवर असतं, त्यात शाळेची सरासरी, एपीचे (कॉलेजच्या पातळीचे) कोर्स किती, किती मुलं चार वर्षांच्या कॉलेजला जातात असं सगळं असतं. ज्या शाळेची सरासरी ९८० आहे तिथला १३१० आणि ज्या शाळेची सरासरी १३०० आहे तिथला १४२० यांत मला तरी पहिला जास्त बोलका वाटतो. जीपीएलाही हेच लागू. ३.६ कुठल्या विषयांत? कॅल्क्युलस, फिजिक्स असे अवघड कोर्स घेऊन ३.६ आणि सोपे कोर्स निवडून ३.९५ असंही असू शकतं, मार्कशीट नीट वाचा, नुसता शेवटचा आकडा नको. तुमच्या त्या मुलावर अन्याय व्हायला नको असेल तर हे करावंच लागेल.

स्कोर ऐच्छिक ठेवायचा का? ठेवू शकता, पण न दिलेल्या स्कोरचं काय करायचं ते आधी ठरवा. नाहीतर "दिला नाही म्हणजे कमीच असणार" असं प्रत्येक जण मनात म्हणतो. डार्टमथ या आयव्ही कॉलेजने २०२४ मध्ये परीक्षा परत सक्तीची करताना एक कारण हेच दिलं की गरीब घरच्या काही मुलांचे स्कोर त्यांच्या परिस्थितीच्या मानाने चांगले होते, उपयोग झाला असता, आणि मुलांनी ते कमी समजून पाठवलेच नाहीत. तुमच्या फॉर्मवर सरळ लिहा, स्कोर दिला तर तुमच्या बाजूनेच वापरू, विरुद्ध वापरणार नाही, आणि मग खरंच तसं करा.

गरज बघणार असाल तर अंदाजाने बघू नका. फाफ्सा हा सरकारी मदतीचा अर्ज भरल्यावर मुलाला स्टुडंट एड इंडेक्स, म्हणजे घरची ऐपत दाखवणारा आकडा मिळतो, तो मागा. आईवडिलांचा व्यवसाय आणि पत्ता बघून गरज ठरवणाऱ्या कमिट्या बऱ्याचदा फसतात. आणि एक गोष्ट छोट्या ट्रस्टांना माहीतच नसते: बाहेरची स्कॉलरशिप आली की काही कॉलेजं स्वतःची मदत तेवढ्याने कमी करतात. म्हणजे तुमचे पैसे मुलाला न जाता कॉलेजच्या खिशात. मेरीलँडने २०१७ मध्ये आपल्या पब्लिक कॉलेजांत याला कायद्याने लगाम घातला, पण सगळीकडे असा कायदा नाही. निवड झाली की मुलाला सांगा, फायनान्शियल एड ऑफिसला विचार की बाहेरच्या पैशाने आधी कर्ज आणि वर्क-स्टडी (काम करून मिळणारी मदत) कमी कराल की ग्रँट (परत न करायची मदत)? उत्तर ग्रँट असं आलं तर पैसे पुढच्या वर्षी द्या किंवा लॅपटॉप-पुस्तकांसाठी द्या. स्कोरच्या न्यायावर महिनाभर भांडून शेवटी पैसे असे वाया गेलेले मी बघितलेत.

थोडक्यात, आत्तापर्यंतचं: स्कोर कॉलेजच्या तयारीबद्दल बऱ्यापैकी सांगतो, कष्टाबद्दल कमी, गरजेबद्दल काहीच नाही. दहा-वीस पॉइंटांच्या फरकाला अर्थ नाही. आणि स्कोर काढून निबंध आणला तर पैसेवाल्यांचा फायदा थांबत नाही.

तुमच्या त्या दोघांचं. मला विचाराल तर, ट्रस्टचा हेतू मी वर लिहिला तसा असेल तर माझं मत त्या मुलीला. १३१० म्हणजे कॉलेजच्या अभ्यासाला ती तयार आहे यात मला शंका नाही, आणि नोकरी सांभाळून चार वर्षं ३.९५ ठेवणं हे कॉलेज पूर्ण करण्याच्या दृष्टीने १४२० पेक्षा जास्त सांगतं. अट एवढीच की मार्कशीट आणि स्कूल प्रोफाइल बघून हे टिकलं पाहिजे. तुमच्या देणगीदाराने "गणित-विज्ञानातल्या सगळ्यात होतकरू मुलाला" असं लिहून ठेवलं असेल तर मात्र मी त्या मुलाच्या फाइलीकडे परत जाईन, आणि त्यात मला काही गैर वाटणार नाही. आणि सगळं वाचूनही दोघं सारखेच वाटले तर रक्कम दोघांत वाटा, वाटता येत नसेल तर चिठ्ठी टाका. चिठ्ठी म्हटलं की लोक दचकतात, त्यांना वाटतं आपण जबाबदारी टाळतोय. पण दोन सारख्या मुलांत ११० पॉइंटांचं निमित्त करून निवड केली आणि त्याला मेरिट म्हटलं, त्यापेक्षा चिठ्ठी मला जास्त प्रामाणिक वाटते.

एसएटीचा कॉलम उडवायचा का, हेही तुम्ही विचारलंय. उडवू नका. तो पहिल्या पानावरून काढून शेवटच्या पानावर न्या, ऐच्छिक करा, शेजारी शाळेची सरासरी लिहायला जागा ठेवा, आणि मुलगा किंवा मुलगी किती वेळा परीक्षेला बसली तेही विचारा. यंदाच्या फाइली आधीच सगळ्यांनी आकड्यांसकट बघितल्यात, त्यामुळे या शेवटच्या स्कॉलरशिपसाठी कमिटीबाहेरच्या कुणा दोघांना, नावं आणि स्कोर झाकून, त्या दोन फाइली वाचायला द्या. स्कूल कौन्सेलर म्हणून काम केलेलं कुणी मिळालं तर उत्तम.